वाहवा सगळ्यांची, सुपारी कुणाचीच नाही

प्रश्न : पत्रलेखक ऐरोलीत राहतात, वय ४३. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, मनाने पेटीवाले. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी मेहुण्याबरोबर रबाळे एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला आणि स्टेजवर वाजवायचा व्यावसायिक कीबोर्ड तयार केला. ७६ पट्ट्या, २२ श्रुतींचं (सप्तकातल्या बारा स्वरांऐवजी २२ सूक्ष्म स्वरांचं) ट्यूनिंग, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) काढायला पिच बेंडच्या दांडीऐवजी बोट फिरवायची स्पर्शपट्टी, स्वतः रेकॉर्ड केलेले सनई-सारंगीचे आवाज. वजन १७ किलो, किंमत ९४ हजार. ऐकणाऱ्या प्रत्येकाने वाहवा केली. ६० नग बनवले, १४ महिन्यांत २१ विकले, त्यातले ४ परत आले. बनवायचा खर्च नगाला ६१ हजार. कर आणि दुकानदाराचा हिस्सा जाऊन हातात पडतात ७० हजार. मेहुणा म्हणतो बंद करू, त्याला नोकरी चालून आली आहे. पत्रलेखकांना मात्र राहत्या फ्लॅटवर २५ लाखांचं कर्ज काढून मोठी टचस्क्रीन, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि दुप्पट आवाज असलेलं नवं मॉडेल आणायचं आहे. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर. बायको नाही म्हणत नाही, पण सहीही करत नाही. ते विचारतात : "चांगली वस्तू का चालत नाही? आपल्या कलाकारांना फक्त परदेशी नाव हवं असतं का? रोलँड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र सुद्धा आधी पडलंच होतं. मग मी आत्ताच हार का मानू?"

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या सात पानी पत्रात पाचव्या पानावर एक वाक्य कंसात टाकलेलं आहे. "चालू केल्यावर तयार व्हायला साधारण ७० सेकंद लागतात, पण आत कॉम्प्युटरच आहे म्हटल्यावर तेवढं चालायचंच." बाकीचं पत्र श्रुती, सारंगी आणि बाजाराने केलेल्या अन्यायाबद्दल आहे. मी मात्र त्या कंसातच अडकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घणसोली गावात हळद आहे असं समजा. मांडव भरलाय, बँजो पार्टीने कोळीगीत धरलंय, पोरं-बाया बेभान नाचतायत. लाईट जाते. जनरेटर सुरू होतो, दहा-पंधरा सेकंदांत सगळं परत. ऑक्टोपॅडवाला ठेका उचलतो, ढोलकीवाल्याने तर तो सोडलेलाच नसतो. तुमच्या कीबोर्डच्या पडद्यावर मात्र तुमच्या कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरतंय. सत्तर सेकंद. घड्याळ लावून बघा, तेवढ्यात मुखडा चार वेळा येऊन जातो. नवरदेवाचा मामा स्टेजकडे बघतो, पार्टीचा मालक कीबोर्डवाल्याकडे बघतो, आणि पुढच्या आठवड्यातली करावे गावची सुपारी त्या पोराच्या हातून गेलेली असते. सारंगी कितीही गोड असू दे.

चांगली वस्तू का चालत नाही, असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात : कीबोर्डवर पोट असलेला माणूस आवाज विकत घेतो. मला वाटतं, तो उद्याची संध्याकाळ विकत घेतो. उद्या सात वाजता हा डबा बिनबोभाट चालू होईल, ठरलेली गाणी ठरलेल्या टोनमध्ये वाजतील, ऐनवेळी बिघडलाच तर मित्राकडून तसाच दुसरा आणता येईल, रिपेअरवाला "हे काय नवीन?" म्हणून हात झटकणार नाही, आणि दोन-तीन वर्षांनी विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळेल. हे सगळं जमल्यावर मग सारंगी.

हे शहाणपण माझं नाही, धाकट्या भावाचं आहे. १९९० च्या दशकात तो ठाणे-कल्याण पट्ट्यात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते, त्यामुळे त्याच्या कीबोर्डला पैसे माझेच. त्याच्या बरोबरीचे सगळे एकच मॉडेल वाजवायचे. हा पठ्ठ्या एका वेगळ्याच वाद्याच्या प्रेमात पडला. त्यातला व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. गडकरी रंगायतनला कार्यक्रम होता. मध्यंतरात अ‍ॅडॉप्टर गेला. त्याचा व्होल्टेज वेगळा, पिन वेगळी, आख्ख्या ठाण्यात तसा दुसरा नाही. कळव्याहून कुणीतरी स्कूटरवर आपला कीबोर्ड आणून दिला, पण भावाची सगळी सेटिंग्ज त्याच्या फ्लॉपीत आणि ती फ्लॉपी ह्या मशीनला वाचता येईना. उरलेला कार्यक्रम त्याने एका पियानोच्या टोनवर काढला. महिन्याभरात ते वाद्य एक तृतीयांश किमतीला विकून त्याने सगळ्यांकडे होतं तेच घेतलं. मी चिडले. म्हटलं, मेंढरासारखा काय वागतोस? तो म्हणाला, "ताई, सगळ्यांकडे आहे म्हणूनच घेतोय."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. आज फ्लॉपीच्या जागी पेनड्राईव्ह आलाय, बाकी काही बदललेलं नाही. कल्याणच्या एखाद्या पोराने एका गाण्याचं सेटिंग रात्र जागून बसवलं की ते चार दिवसांत पनवेलपर्यंत पोचतं, कारण सगळ्यांचं मशीन एका जातीचं. तुमच्या कीबोर्डसाठी असं सेटिंग बनवणारे किती जण आहेत? एकवीस विकले, चार परत आले, राहिले सतरा, तेही विखुरलेले. तुमच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक गाणं स्वतः बसवायचंय. तो आळशी आहे म्हणून तुमचं वाद्य परत करत नाही, तो एकटा पडतो म्हणून करतो.

आता परदेशी नावाबद्दल. नावाची ओढ असते, नाकारत नाही. पण नावाने वाद्यं तरत असती तर जपानी कंपन्यांची एकही पडली नसती. यामाहाचंच बघा. एफएम सिंथेसिसचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लहरींतून आवाज घडवायचं तंत्र अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चाउनिंगचं, ते यामाहाने परवान्यावर घेतलं. त्यावरचं जीएस-१ हे वाद्य १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. वजन ९० किलोच्या घरात, किंमत सुमारे १६ हजार डॉलर. साधारण शंभरच बनली. मग १९८३ मध्ये तेच तंत्र डीएक्स-७ मध्ये आलं, किंमत २ हजार डॉलरच्या आसपास, आणि दीड लाखांहून जास्त विकलं गेलं. गंमत म्हणजे डीएक्स-७ वर नवा आवाज बनवणं महाकर्मकठीण होतं. चिमुकला पडदा, ढीगभर बटणं, आणि कुठला आकडा हलवला की कानाला काय होईल याचा पत्ता नाही. बहुतेकांनी तो उद्योग केलाच नाही. कंपनीने भरून दिलेला इलेक्ट्रिक पियानो दाबला आणि वाजवत सुटले. म्हणजे तंत्र तेच, नाव तेच. बदललं काय, तर ते एका माणसाला उचलता आलं, त्याच्या ऐपतीत बसलं आणि पहिल्या संध्याकाळी कामाला आलं.

त्याच यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल-१ काढलं. तार कशी थरथरते, नळीत हवा कशी घुमते, याचं गणित मांडून आवाज निर्माण करणारं. जाणकार आजही त्याचं नाव आदराने घेतात. पण एका वेळी जास्तीत जास्त दोन स्वर, आणि खरी मजा हवी तर तोंडात फुंकणी धरून वाजवायचं. थोडक्यात, कीबोर्ड म्हणून विकलेलं पण बासरीसारखी साधना मागणारं. दुकानात फार चाललं नाही. तुमची स्पर्शपट्टी मला त्याच घराण्यातली वाटते. माझ्या ओळखीच्या दोघा कीबोर्डवाल्यांना मी तुमच्या पत्राबद्दल विचारलं, अर्थात नाव-गाव न सांगता. एक रोलँडची आडवी दांडी वीस वर्षं अंगठ्याने ढकलतोय, दुसऱ्याचा हात कोर्ग या दुसऱ्या जपानी कंपनीच्या जॉयस्टिकवर बसलाय. मींड, हरकत, गाण्यातली ती लाडिक लचक, सगळं त्या डाव्या अंगठ्यात. पट्टीबद्दल ऐकून एक जण म्हणाला, "भारी आहे, पण मला परत शाळेत पाठवणार का?"

आणि कोर्गचं ओएसिस हे वाद्य तर तुमच्या नव्या मॉडेलच्या स्वप्नाशी थेट नातं सांगणारं. २००५ साली आलं, मोठा टचस्क्रीन, आत खरोखरचा कॉम्प्युटर, किंमत सुमारे ८ हजार डॉलर. जो ऐकेल तो थक्क. २००९ मध्ये बंद झालं तेव्हा साधारण ३ हजार नग विकले गेले होते. पण त्यातलं बरंच काही २०११ च्या क्रोनॉसमध्ये उतरलं, कमी किमतीत, आणि ते चाललं. तुम्ही म्हणाल, बघा, दुसऱ्या प्रयत्नात जमलं! जमलं. पण त्या दुसऱ्या प्रयत्नासाठी कोर्गच्या कुणा इंजिनिअरने स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलेलं नव्हतं. पहिला प्रयत्न फसला तरी बाकीची मॉडेल्स पैसे आणत होती. तुमच्याकडे बाकीची मॉडेल्स नाहीत. शिवाय त्यांनी दुसऱ्या वेळी भाव उतरवला, आणि तुम्ही पडदा आणि अ‍ॅल्युमिनियम चढवताय.

टीबी-३०३ चा दाखला तुम्ही दिलात, तो मात्र मी मान्य करणार नाही. १९८१ मध्ये आलेलं ते बेस वाजवायचं यंत्र तीन-एक वर्षांत बंद पडलं, सुमारे दहा हजार नग निघाले. पुढे शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून मातीमोल भावाने उचललं, त्याची बटणं वेडीवाकडी पिळली आणि नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार जन्माला आला. आज तो जुना नग लाखांत जातो. पण त्या लाखांतला एक रुपयाही ज्याने तो पहिल्यांदा तोट्यात विकला त्याच्या खिशात जात नाही. आपल्या मुंबईतच चरणजित सिंग या वादकाने १९८२ साली रोलँडचीच ३०३, ८०८ (ताल वाजवायचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (कीबोर्ड) घेऊन रागांवर रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती परत बाहेर आली आणि जगभरच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तोवर ते सत्तरीत पोचले होते. इतिहास उशिरा न्याय देतो हे ठीक आहे, पण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो.

हिशेबाकडे वळते, कारण तुमच्या पत्रात आकडे आहेत पण बेरीज नाही. खरेदी खात्यातली खोड, माफ करा. नगामागे तुम्हाला ९ हजार सुटतात. २५ लाख नुसते फेडायचे तर २७८ नग विकावे लागतील, व्याज सोडून. तुमचा आजवरचा वेग महिन्याला दीड नग. म्हणजे १८५ महिने, पंधरा वर्षांहून जास्त. वेग तिप्पट झाला तरी पाच वर्षं, आणि त्या पाच वर्षांत घरखर्चाला त्यातून एक पैसाही नाही, वॉरंटीत आलेला नगही तुमच्याच खर्चाने. दुसरीकडे गाळ्यात ३९ नग पडून आहेत. ६१ हजारांनी त्यांची किंमत होते जवळजवळ २४ लाख. तुम्हाला जेवढं कर्ज हवंय, साधारण तेवढाच पैसा तुमच्याच भिंतीला टेकून उभा आहे. तो आधी हलवल्याशिवाय नवीन रक्कम आणू नका. परत आलेले चारही त्यात धरा.

तर फ्लॅट गहाण टाकू नका, निदान आत्ता नाही. हे मी एवढ्या स्पष्टपणे एरवी सांगत नाही.

पण "बंद करा" असंही मी म्हणत नाहीये. तुमचं वाद्य वाईट आहे असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. वाहवा करणारे कोण होते, ते तुम्हीच लिहिलंय : दोन गायक, एक सारंगिये, संगीत शिकवणाऱ्या बाई, पुण्याचे एक अभ्यासक. यांतला कुणी हळदीच्या सुपाऱ्या घेतो का? त्यांचा कान खरा, त्यांची दादही खरी. ज्यांना आवडलं त्यांना तुम्ही विकायला गेला नाहीत आणि ज्यांना विकायला गेलात त्यांची गरजच वेगळी होती.

या बाबतीत आपल्या पेटीकडे बघा. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, मींड येत नाही, स्वर जागेवर नाहीत, अशी तक्रार. तक्रार चुकीचीही नव्हती. डॉ. विद्याधर ओकांनी तर २२ श्रुतींची हार्मोनियम प्रत्यक्ष बनवून दाखवली. तरी भजनी मंडळात आज जाऊन बघा, बारा स्वरांचीच पेटी. ती कुणालाही वाजवता येते, कुठल्याही गावात भाता शिवून मिळतो आणि आजोबांची नातवाला चालते. श्रुतींचं महत्त्व ज्याला खरंच कळतं तो माणूस निराळा, त्याच्या घरी जायचा रस्ता निराळा. बेंगळुरूच्या राडेल कंपनीचे जी. राज नारायण स्वतः बासरी वाजवणारे इंजिनिअर. त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला तो एकट्याने रियाज करणाऱ्यासाठी. मैफलीतल्या तानपुऱ्याशी त्याची स्पर्धा लावली नाही. पहाटे पाचला तानपुरा छेडायला माणूस कुठून आणणार, ही अडचण त्यांनी ओळखली. आज शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या किती घरांत तो लहानसा डबा वाजत असतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून माझ्या डोक्यात एक विचार घोळतोय. तुमच्या वाद्यातला सगळ्यात जड, महाग आणि बिघडणारा भाग म्हणजे त्या ७६ पट्ट्या, आणि नेमकं त्यातच तुमचं काही नाही, त्या तुम्ही बाहेरून आणता. तुमचं जे आहे ते आवाज आणि श्रुती. मग बिनपट्ट्यांचा डबा का नको? कलाकाराने आपला नेहमीचा कीबोर्ड न्यावा, मिडीची वायर लावावी आणि हव्या त्या गाण्याला तुमची सारंगी काढावी. मिडी १९८३ मध्ये आलं ते याचसाठी, एका कंपनीच्या पट्ट्यांनी दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजावा. ते घडवण्यात पुढाकार घेणारे डेव्ह स्मिथ, त्यांची सिक्वेन्शल सर्किट्स कंपनी १९८७ मध्ये अडचणीत येऊन यामाहाकडे गेली. माणूस परत उभा राहिला २००२ मध्ये, इव्हॉल्व्हर नावाचा टेबलावर मावणारा, पट्ट्या नसलेला डबा घेऊन. सिक्वेन्शल हे नाव २०१५ मध्ये यामाहाने त्यांना परत दिलं. इतक्या अनुभवी माणसाला दुसऱ्या डावात लहान डब्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा वाटला नाही.

डबा केलात तर एकटं पडण्याचा प्रश्नही बराच सुटतो. त्याची जुनी सेटिंग्ज त्याच्याच मशीनमध्ये राहतात, डावा अंगठा आपल्या दांडीवर राहतो, आणि तुमचा डबा मध्येच अडला तरी कार्यक्रम थांबत नाही. शिवाय १७ किलोंचं ओझं उतरतं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ७६ पट्ट्यांची पेटी घेऊन चढून बघितलंय का कधी? रिक्षात ती मांडीवर आडवी घेतली तर दोन्ही बाजूंनी बाहेर येते. आमच्या भावाचं कोपर ठाणे स्टेशनच्या जिन्यावर कायमचं दुखावलं, ते या धंद्यात.

डबा बनवायच्या आधी मात्र ३९ नगांतले सहा काढा आणि लग्नसराईपुरते फुकट वापरायला द्या. पण जोडीने द्या. एका गावात दोन, असे तीन ठिकाणी, म्हणजे एकाचा अडला तर दुसऱ्याचा धावत येईल आणि सेटिंग्जची देवाणघेवाण होईल. वाद्यं एकाच परिसरात जोडीने रुजली तर पसरतात, महाराष्ट्रभर एकेक विखुरली तर वाळतात. त्यांना "आवडला का?" असं विचारू नका. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, चहा पाजणाऱ्याला तर नाहीच. फक्त एवढं बघा की कार्यक्रमाला जाताना त्यांचा जुना कीबोर्ड गाडीत असतो की घरी. पाचव्या-सहाव्या सुपारीलाही जुना सोबत येतोय, तर तुमच्यावर भरवसा बसलेला नाही. जुना घरी राहायला लागला की मला जरूर कळवा.

वाहवा करणाऱ्यांकडे दुसऱ्या कामासाठी जा. संगीत शिकवणाऱ्या बाईंना सांगा, श्रुतींचा स्वरज्ञानाचा डबा करतोय, आगाऊ पाच हजार द्याल का? दाद द्यायला पैसे पडत नाहीत, नोंदणीला पडतात. दहा जणांनी पाच-पाच हजार काढले तर ती बातमी आहे. कुणीच काढले नाहीत तर तीही बातमीच, आणि २५ लाखांपेक्षा स्वस्तात मिळालेली.

उरलेल्यांपैकी काही नग भाव उतरवून मोकळे करा. ६१ हजारांखाली विकायला जीव तुटेल, पण गाळ्यातला इलेक्ट्रॉनिक माल लोणच्यासारखा मुरत नाही. आपल्या खाडीच्या दमट हवेत तर नाहीच. मात्र प्रत्येक घेणाऱ्याला लिहून द्या की पुढची पाच वर्षं सुटे भाग आणि दुरुस्ती तुम्ही देणार, धंदा चालो न चालो. त्यासाठी पाच-सहा नग सुट्या भागांसाठी बाजूला ठेवा. ज्या सतरा जणांनी तुमच्यावर विश्वास टाकला त्यांना वाऱ्यावर सोडू नका.

हे पत्र मी निवडलं ते फक्त कीबोर्डमुळे नाही. गेल्या वर्षभरात मला घोडबंदरहून एका शिलाई यंत्राच्या जोडउपकरणाबद्दल आणि कोपरखैरण्याहून दवाखान्याच्या सॉफ्टवेअरबद्दल जवळजवळ हेच पत्र आलंय, "सगळे छान म्हणतात, घेत कुणी नाही." त्या दोघांनीही वरचे आकडे काढून आपले घालावेत. व्यावसायिकाला विकायचं असेल तर आधी त्याचा एक पूर्ण दिवस, त्याच्या बाजूला गप्प बसून, बघावा लागतो.

आता घरातलं. मेहुण्याला नोकरी घेऊ द्या. त्याला तुम्ही दोनदा "पळपुटा" म्हटलंय, ते बरं नाही. तो पगार आणेल, शनिवार-रविवारी गाळ्यात येईल, आणि बहिणीच्या घरावर हप्त्याची टांगती तलवार नाही म्हटल्यावर कदाचित जास्त मोकळेपणाने कामही करेल. लहान डब्याच्या कामाला दोघांचा पूर्ण वेळ लागणारही नाही. तुम्हीही जुन्या ओळखीतून महापे-तुर्भे पट्ट्यात अर्धवेळ डिझाईनचं काम मिळतंय का बघा.

आणि तुमच्या बायकोची न केलेली सही. "तिला माझं स्वप्न कळत नाही," असं तुम्ही लिहिता. चार वर्षं पगाराशिवाय घर तिने चालवलं, एकदाही बंद कर म्हटलं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय, फक्त दुसऱ्या पानावर. ज्या बाईला स्वप्न कळत नाही ती पहिल्या वर्षीच माहेरच्यांना मध्ये घालते. तिला बहुधा एकच गोष्ट कळत नसेल, की हे कुठे थांबणार. ती तुम्ही तिला सांगितलेली नाही. बसा दोघं आणि एक रक्कम, एक तारीख ठरवा. उदाहरणार्थ, गाळ्यातला माल विकून येईल त्यातलेच चार-पाच लाख, आणि पुढची लग्नसराई संपेपर्यंत. त्यापलीकडे नाही. कागदावर लिहा. सही मागायची असेल तर त्या कागदावर मागा, बँकेच्या नको.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे येत्या रविवारीच, परत आलेल्या चार कीबोर्डांच्या मालकांना भेटायला जा. "त्यांना शिकून घ्यायचं नव्हतं," असं तुम्ही म्हणता, पण चौघांपैकी एकालाही फोन केल्याचं पत्रात कुठे नाही. चारही वाद्यं कुरिअरने आली आणि तुम्ही मुकाट्याने पैसे परत केलेत. जो सगळ्यात जास्त चिडला होता त्याच्याकडे पहिल्यांदा जा. तो कुठल्या कार्यक्रमाला निघाला असेल तर त्याच्याच गाडीत बसा, स्टँड उचलायला मदत करा, रात्री दोनला वडापाव खाऊन त्याच्याबरोबरच परत या. लॅपटॉप नेऊ नका.